तलवारीच्या पोटातला आकडा

समजा, एका गेममधल्या अथकाटला शहरातल्या एका दुकानात तुम्ही उभे आहात. मित्राकडून आणलेल्या मॉडमधली, म्हणजे चाहत्यांनी गेममध्ये घातलेल्या भरीतली, एक झकास तलवार तुमच्या हाती लागली आहे. तिचं वर्णन वाचायला तुम्ही उजवं बटण दाबता आणि धार, वजन, जादू यांच्या जागी एका संतापलेल्या सरदाराचं भाषण समोर येतं. गेम बंद पडलेला नाही. तलवारीचं चित्र बरोबर आहे, किंमत बरोबर आहे, घावही नीट बसतो. शब्द मात्र भलत्याच कोणाचे आहेत. असं कसं झालं?

या एका गोंधळाचा माग काढत गेलं की पंचवीस वर्षांचा एक गेम आतून कसा चालतो, तो अजून का जिवंत आहे आणि मॉड टाकताना पाळायचे ते सगळे विचित्र वाटणारे नियम कुठून आले, हे उलगडत जातं. मला तर त्या गेमच्या गोष्टीपेक्षाही ही गोष्ट अधिक रंगतदार वाटते.

गेम आहे बाल्डर्स गेट २. कॅनडातल्या एडमंटन शहरातल्या बायोवेअर कंपनीने तो सप्टेंबर २००० मध्ये आणला आणि जून २००१ मध्ये ‘थ्रोन ऑफ भाल’ हा त्याचा पुढचा भाग जोडला. ही कंपनी १९९५ मध्ये काढली ती रे म्यूझिका, ग्रेग झेशुक आणि ऑगस्टीन यिप यांनी, आणि हे तिघेही एमबीबीएससारखं रीतसर शिक्षण घेतलेले डॉक्टर! त्यांच्याकडे तयार झालेल्या इन्फिनिटी इंजिनवर ‘प्लेनस्केप: टॉरमेंट’ आणि ‘आइसविंड डेल’ हे गेमही चालले. वरून तिरकस दिसणारा नकाशा, त्यावर सहा जणांची टोळी, आणि पानंच्या पानं संवाद. हे संवाद नेमके ठेवलेत कुठे, तिथूनच सुरुवात करू.

तुम्हाला वाटेल, तलवारीच्या फाइलमध्ये तलवारीचं नाव लिहिलेलं असणार. नसतं! मूळ गेममधल्या साध्या लांब तलवारीची फाइल आहे एसडब्ल्यू१एच०४. ती बाइट-बाइट करून उघडली तर सुरुवातीच्या आठ बाइटमध्ये फक्त ‘मी वस्तूची फाइल आहे’ अशी खूण असते. शून्यापासून मोजत गेलात तर ८ व्या आणि १२ व्या जागी नावाचे दोन आकडे मिळतात. एक नाव ओळख पटण्यापूर्वीचं, दुसरं नंतरचं. ५२ व्या जागी किंमत, ७६ व्या जागी वजन. आणि ८० व ८४ व्या जागी वर्णन, तेही पुन्हा आकड्यांतच. अक्षरी मजकूर कुठेच नाही.

सगळा मजकूर एकाच भल्यामोठ्या फाइलमध्ये राहतो. तिचं नाव डायलॉग.टीएलके. तलवारींची वर्णनं, राजवाड्यातली भांडणं, रोजनिशीतल्या नोंदी, बटणांवरचे शब्द असे सत्तर हजारांहून जास्त मजकूर तिथे एकाखाली एक नंबर लावून ठेवलेत. मोठ्या देवस्थानाबाहेरच्या चप्पल स्टँडवर जसा तुम्हाला बिल्ला मिळतो, तसा तलवारीकडे फक्त बिल्ला आहे. बिल्ला दाखवला की चप्पल मिळणार. पण आतल्या माणसाने चपलांचे कप्पे अदलाबदल केले तर? बिल्ला तोच, चप्पल परक्याची.

सुरुवातीला सरदाराचं भाषण ऐकवणारी तलवार याच घोटाळ्यात सापडली होती. मित्राच्या संगणकावर त्या आकड्याच्या जागी तलवारीचं वर्णन होतं. तुमच्या संगणकावर त्याच आकड्यावर दुसऱ्या मॉडचा सरदार बसलाय. आणि तो आकडा तुमच्या यादीच्या शेवटाच्याही पलीकडचा असेल, तर गेम ‘इन्व्हॅलिड’ असं लिहून पुढे आकडा छापतो. मॉड वापरणाऱ्या प्रत्येकाला हे दर्शन कधी ना कधी घडतंच.

आता या फाइलची खुबी बघा. सुरुवातीला १८ बाइटचं प्रास्ताविक, मग प्रत्येक मजकुरासाठी बरोबर २६ बाइटची एक नोंद. त्यामुळे इंजिनला पन्नास हजारावा मजकूर शोधायला यादी चाळावी लागत नाही. पन्नास हजाराला २६ ने गुणा, १८ मिळवा, थेट त्या जागी उडी मारा. त्या २६ बाइटमध्येच मजकूर कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि सोबत कोणती ध्वनिफीत वाजवायची हेही मावतं. पडद्यावर वाक्य उमटताच पात्राचा आवाज येतो तो यामुळे. शिवाय काही भाषांतरांसोबत डायलॉगएफ नावाची जुळी फाइल येते. तुमची नायिका असेल तर त्याच आकड्यावरचं वाक्य तिथून उचललं जातं. ‘गेलो’ आणि ‘गेली’ यांतला फरक जाणणाऱ्या भाषांची सोय अशी केलेली आहे. आपल्याला तिची गरज चटकन पटेल.

मजकुराचं झालं. बाकीच्या हजारो फाइलींचं काय? नकाशे, प्राणी, मंत्र, दुकानं हे सगळं मोठ्या गठ्ठ्यांमध्ये बांधलेलं असतं आणि कोणती वस्तू कोणत्या गठ्ठ्यात आहे याची सूची चिटिन.की या फाइलीत असते. पण त्या सूचीनुसार गठ्ठा उघडण्याआधी इंजिन एक छोटीशी गोष्ट करतं आणि मॉडचं सगळं जग त्या एका सवयीवर उभं आहे. ते आधी ‘ओव्हरराइड’ नावाच्या साध्या फोल्डरमध्ये डोकावतं. तिथे त्याच नावाची फाइल सापडली तर ती घेतं आणि गठ्ठ्यातल्या मूळ फाइलीकडे वळूनही बघत नाही. म्हणजे एडमंटनच्या मंडळींनी बांधलेलं काहीही न फोडता तुम्ही त्यांचं जग बदलू शकता. एक फाइल टाकली, तलवार बदलली. काढून घेतली, तलवार पूर्ववत.

इतकं सोपं, मग अडलं कुठे? दुसऱ्या माणसाशी.

एकाने लांब तलवारीची किंमत कमी करणारा मॉड केला. दुसऱ्याने तिचं वजन घटवणारा केला. दोघांनीही एसडब्ल्यू१एच०४ ची आख्खी फाइल दिली. तुम्ही दोन्ही टाकले तर नंतरची फाइल आधीच्या फाइलवर बसते आणि किंमत गुपचूप पुन्हा वर जाते. कुठे कुरकुर नाही, कुठे इशारा नाही. डायलॉग.टीएलकेची अवस्था तर याहून वाईट. दोघांनीही आपापले संवाद शेवटी जोडून ती पूर्ण फाइल वाटली, तर एका मॉडची पात्रं दुसऱ्या मॉडची वाक्यं बोलणार. सुरुवातीच्या काळात एका वेळी एकच मोठा मॉड टाका, असा मामला होता.

ही गाठ सोडवली वेस वायमर यांनी. त्या काळात ते बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रोग्रॅमिंग भाषांवर पीएचडी करत होते. त्यांनी ओकॅमल या भाषेत एक साधन लिहिलं आणि त्याला आपल्या आडनावावरून वायडू, म्हणजे वायमर डायलॉग युटिलिटी, असं नाव दिलं. कल्पना ऐकायला किरकोळ आहे: तयार फाइल वाटायचीच नाही, तर काय बदलायचं याची सूचना वाटायची. ‘तुमच्या संगणकावर आत्ता जी लांब तलवार आहे ती घ्या, ५२ व्या जागी हा आकडा लिहा, परत ठेवा.’ दुसरा मॉड म्हणतो, ‘७६ व्या जागी तो आकडा लिहा.’ दोघं एकमेकांना ओळखत नाहीत. त्यांच्यात कदाचित दहा वर्षांचं आणि दोन खंडांचं अंतर असेल. तरी एकाच तलवारीवर दोघांचं काम सुखाने नांदतं!

संवादांच्या बाबतीत तर युक्ती अधिकच सुंदर आहे. मॉडकर्ता मजकूर एका साध्या फाइलीत लिहितो आणि त्याला स्वतःपुरता क्रमांक देतो, १, २, ३ असा. तुम्ही मॉड इन्स्टॉल करता त्या क्षणी वायडू तुमची डायलॉग.टीएलके उघडतं. अगदी तंतोतंत हेच वाक्य आधीपासून असेल तर त्याचाच आकडा वापरतं. नसेल तर शेवटी जोडतं, मिळालेला आकडा बघतं आणि तोच तलवारीच्या पोटात लिहितं. म्हणजे त्या मॉडचे आकडे तुमच्या संगणकावर वेगळे, माझ्या संगणकावर वेगळे, आणि दोन्हीकडे बिनचूक. मित्राच्या ओव्हरराइडमधून फाइल उचलून आपल्याकडे चिकटवू नये, ते याचसाठी. मॉड आणायचा तर त्याचा मूळ फोल्डर आणायचा आणि इन्स्टॉलर चालवायचा.

जाता जाता सांगायला हवं, की हे वायमर पुढे प्राध्यापक झाले आणि २००९ मध्ये सहकाऱ्यांसोबत त्यांनी एक गाजलेला शोधनिबंध प्रसिद्ध केला. विषय होता, संगणकाने प्रोग्रॅममधल्या चुकांवरची ठिगळं स्वतःच शोधून काढणं. चेटूक आणि ड्रॅगनांच्या गेमला ठिगळं लावणारा विद्यार्थी पुढे ठिगळांचाच अभ्यासक झाला, हे वाचून मी खुर्चीत नीट उठून बसलो होतो.

आता प्रत्यक्ष इन्स्टॉल करू. मॉडचा फोल्डर गेमच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, ‘सेटअप’ने सुरू होणारी फाइल चालवायची. काळी खिडकी उघडते. आधी भाषा विचारते, मग एकेक भाग घ्यायचा का ते. हवा तर आय दाबा, नको तर एन, नाहीतर क्यू दाबून निघा. देखणं काहीच नाही. पण त्या काळ्या खिडकीमागे प्रत्येक फाइल बदलण्याआधी तिची जुनी प्रत बाजूला ठेवली जाते आणि ‘वायडू.लॉग’मध्ये एक ओळ लिहिली जाते: कोणता मॉड, कोणती भाषा, कितवा भाग, त्याचं नाव. मदत मागायला गेलात तर जाणकार सगळ्यात आधी हीच फाइल मागतात, कारण तुमच्या गेमचा आजवरचा इतिहास क्रमवार तिच्यात असतो.

क्रम! मॉडच्या दुनियेत सर्वाधिक वाद याच शब्दावरून होतात, पण त्यामागचं कारण सरळ आहे. सूचना ‘आत्ता जे आहे’ त्यावर चालतात, त्यामुळे आधी काय होतं यावर नंतरचं सगळं ठरतं. ‘सोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजेम्स’ हा मॉड शत्रूंना अक्कल देतो. त्यांचे जादूगार तुम्ही दिसताच संरक्षक कवचं चढवतात, अशक्त दिसणाऱ्या गड्यावर आधी तुटून पडतात. हे करण्यासाठी तो इन्स्टॉल होताना गेममधल्या पात्रांच्या आणि प्राण्यांच्या फाइली एकामागून एक तपासतो. मग तो आधी टाकला आणि नवे खलनायक आणणारा मॉड नंतर टाकला तर काय होईल? ते नवे खलनायक मठ्ठच राहतील. तपासणीच्या वेळी ते हजरच नव्हते. म्हणून आधी दुरुस्त्या, मग नव्या मोहिमा आणि सोबती, मग वस्तू, आणि शेवटी असे सगळ्यांवर हात फिरवणारे मॉड.

यातूनच एक गोष्ट घडते जिला नवखे लोक घाबरतात. तुम्ही वीस मॉड टाकलेत आणि पाचवा नकोसा झाला. त्याला काढायला सांगितलंत, तर खिडकीत विसावा निघताना दिसतो, मग एकोणिसावा, अठरावा... घाबरू नका. पाचव्याने बदललेल्या फाइलींवर पुढच्यांनी हात चालवलेला असतो, म्हणून वायडू जुन्या प्रतींच्या आधारे उलट्या पावली पाचव्यापर्यंत जातं, त्याला काढतं आणि मग सहाव्यापासून विसाव्यापर्यंत सगळे पुन्हा चढवतं. वेळ लागतो. चहा करून या. मात्र मधल्या काळात एखाद्या मॉडचा फोल्डर तुम्ही ‘आता काय उपयोग’ म्हणून डिलीट केलेला असेल तर जुन्या प्रतीही गेल्या आणि मामला चिघळला. इन्स्टॉल झाल्यावरही मॉडचे फोल्डर जागेवरच असू द्यावेत.

दुसरा जुलमी वाटणारा नियम: मॉड टाकल्यावर गेम नव्याने सुरू करा. चाळीस तास खेळून झाल्यावर हे ऐकणं जिवावर येतं. पण सेव्ह फाइलीत काय असतं ते बघा. तुम्ही ज्या भागात एकदा पाऊल टाकलंत, तो भाग जसाच्या तसा तुमच्या सेव्हमध्ये जपला जातो. मेलेले राक्षस मेलेलेच राहावेत, उघडलेल्या पेट्या रिकाम्याच राहाव्यात म्हणून. आता मॉडने त्या गल्लीत नवा माणूस उभा केला तरी तुम्हाला तो दिसणार नाही, कारण इंजिन ती गल्ली तुमच्या आठवणीतून उघडतं. तलवारीचं मात्र उलट. सेव्हमध्ये तिच्या फाइलीचं फक्त नाव असतं, जास्तीत जास्त आठ अक्षरी, म्हणून तिची फाइल बदलली की तुमच्या कमरेची तलवारही बदलते. आणि रोजनिशी? तिथे पुन्हा आकडे! खेळाच्या मध्येच मॉड काढले-घातले तर शेवटी जोडलेल्या मजकुरांचे आकडे सरकतात आणि तुमच्या पराक्रमाच्या नोंदीच्या जागी एखाद्या मद्याचं वर्णन दिसू लागतं.

ही आठ अक्षरांची मर्यादाही काही थोडा जाच नव्हे. फाइलीचं नाव याहून लांब ठेवताच येत नाही. जगभरचे मॉडकर्ते ‘सोर्ड१’ अशी नावं देत बसले असते तर रोज मारामारी झाली असती. म्हणून त्यांनी आपसांत ठरवून टाकलं की प्रत्येकाने नावापुढे लावायची दोन-तीन अक्षरं आधी नोंदवायची आणि बाकीच्यांनी ती वापरायची नाहीत. कुठला कायदा नाही, दंड नाही, तरी ही पद्धत चालते.

बिघाड झाला तर? काळ्या खिडकीचे तीन निकाल असतात. ‘यशस्वी’, ‘इशाऱ्यासह इन्स्टॉल’ आणि ‘चुकीमुळे इन्स्टॉल नाही’. मधल्याला लोक फार घाबरतात, पण तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो. तिसरा आला तर मॉडच्या नावाची ‘डीबग’ फाइल उघडून शेवटच्या काही ओळी वाचा. कोणत्या फाइलीपाशी गाडी अडली ते तिथे लिहिलेलं असतं.

काही बिघाडांचा मॉडशी संबंधच नसतो. गेम विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असेल तर व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू पाहणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमला परस्पर दुसऱ्याच, तुमच्या नावाच्या, लपलेल्या फोल्डरकडे वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं काम झालं, प्रत्यक्षात गेमचा फोल्डर जसाच्या तसा. उपाय एका ओळीचा: गेम सी ड्राइव्हवर सरळ ‘गेम्स’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. लिनक्सवर छोटी आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी मानली जातात, म्हणून तिथे ओव्हरराइड मोठ्या अक्षरांत लिहिलंय की छोट्या, एवढ्या फरकानेही फाइल सापडेनाशी होते. २०१३ मध्ये बीमडॉगने काढलेली ‘एन्हान्स्ड’ आवृत्ती तुम्ही खेळत असाल, तर दुकानाच्या ॲपने आपोआप केलेलं अपडेट हा मोठा शत्रू. ते डायलॉग.टीएलके मूळची आणून बसवतं आणि सकाळपर्यंत सगळीकडे ‘इन्व्हॅलिड’चा सुकाळ होतो. गेमच्या फोल्डरची एक कोरी प्रत कॉपी करून वेगळी ठेवा आणि मॉड दुसऱ्या प्रतीत टाका. या एका सवयीने निम्मी डोकेदुखी टळते.

आणि तरीही एखादी वस्तू चुकीची वागतेय, दोष कोणाचा कळत नाहीये? वायडूला ‘चेंज लॉग’चा आदेश आणि त्या फाइलीचं नाव द्या. मूळ गेमपासून आजपर्यंत त्या एका फाइलीला कोणत्या मॉडने, कोणत्या क्रमाने हात लावला, हे ते ओळीने मांडतं. प्रत्येक टप्प्याची प्रतही काढून देतं. शेजारी ‘निअर इन्फिनिटी’ हा संपादक उघडून त्या प्रती बाइट-बाइट ताडून बघता येतात. हौशी लोकांनी फुकट बनवलेल्या साधनात इतका चोख पुराव्याचा धागा आहे, हे मला अजूनही खरं वाटत नाही.

एवढं सगळं कशासाठी, असं कुणी विचारलंच तर दोन मॉड दाखवीन. एक ‘असेन्शन’. थ्रोन ऑफ भालचा शेवट घाईत उरकलेला वाटायचा. त्या गेमच्या लेखकांपैकीच एक असलेल्या डेव्हिड गेडर यांनी तो शेवट मॉड म्हणून नव्याने लिहिला. कंपनीचा माणूस चाहत्यांच्या रांगेत येऊन बसला! बाल्थझार या कट्टर विरोधकाला तिथे तुम्ही आपल्या बाजूने वळवू शकता.

दुसरा ‘अनफिनिश्ड बिझनेस’. गेम बाजारात जाताना वेळेअभावी बरंच काही कापलं गेलं, पण त्याचे तुकडे गठ्ठ्यांमध्ये तसेच पडून राहिले: अर्धवट संवाद, न वापरलेली पात्रं. चाहत्यांनी ते हुडकून काढले आणि उरलेल्या जागा स्वतः भरून मोहिमा उभ्या केल्या. त्यांतल्या एकीत मिन्स्क या आडदांड योद्ध्याचा लाडका उंदीरवजा हॅमस्टर बू चोरीला जातो. तो मॉड टाकल्यावर मिन्स्क अचानक आक्रोश करू लागला आणि बू कुठेच दिसेना, तर डीबग फाइल उघडायला धावू नका. चोराच्या मागे लागा.